उष्णतेचा अन्नावर होणारा परिणाम: वर्गात कोणता प्रयोग करावा आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यांना उष्णतेचा अन्नपदार्थांवर काय परिणाम होतो हे दाखवायचे आहे. साधने मोजकी आहेत, तास चाळीस मिनिटांचा आहे. अंडे आणि बटाटा उकडून व पाव भाजून दाखवला, तेव्हा विद्यार्थ्यांनी ‘शिजले’ एवढेच उत्तर दिले आणि चर्चा तेथेच संपली. मग याहून चांगला प्रयोग कोणता?

माझ्या मते अडचण पदार्थांत नसून मांडणीत आहे. तीन वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या रीतींनी तापवले, तर विद्यार्थ्याला तुलना करण्यासारखे काहीच हाती लागत नाही, कारण पदार्थ, तापमान, वेळ आणि पाण्याचे प्रमाण या चारही गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात. अशा वेळी ‘शिजले’ हे उत्तर प्रामाणिकच म्हणावे लागेल. म्हणून माझा सल्ला असा की पदार्थ एकच घ्यावा, वेळ एकच ठेवावा आणि केवळ तापमान बदलावे. यासाठी अंड्यातील पांढऱ्या बलकाइतका सोयीचा पदार्थ मला दुसरा आढळलेला नाही. तो आरंभी जवळजवळ पारदर्शक आणि प्रवाही असतो, बदल झाला की तो काचेतून डोळ्यांना दिसतो आणि हा बदल उकळत्या पाण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे वर्गात सुरक्षितपणे हाताळता येईल अशा तापमानाला सुरू होतो.

एका अंड्यातून सुमारे ३० मिलिलिटर पांढरा बलक मिळतो. तो गाळणीतून गाळून घ्यावा, म्हणजे त्यातील घट्ट धाग्यांसारखा भाग वेगळा होतो आणि सर्व नळ्यांत सारखा द्रव जातो. प्रत्येक परीक्षानळीत ५ मिलिलिटर घेतल्यास एका अंड्यात सहा नळ्या होतात. एक नळी खोलीच्या तापमानाला तशीच ठेवावी आणि उरलेल्या पाच अनुक्रमे ५०, ६०, ६५, ७० आणि ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात प्रत्येकी १५ मिनिटे ठेवाव्यात. वर्गाचे पाच गट करून प्रत्येक गटाला एक तापमान दिले की साधनेही कमी लागतात आणि फळ्यावरील एकत्रित तक्ता ही सर्वांची निर्मिती ठरते. अंडी अगदी ताजी नसावीत, काही दिवसांपूर्वीची असावीत. ताज्या अंड्याच्या बलकात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने तो मुळातच किंचित धुरकट दिसतो आणि मग ६० अंशांच्या नळीत दिसणारा धूसरपणा उष्णतेमुळे आला की आधीपासून होता, यावर वाद सुरू होतो.

पाणी ठरावीक तापमानाला टिकवण्यासाठी ज्योतीची गरज नाही. रुंद तोंडाचे थर्मास, किंवा ते नसतील तर झाकण असलेली जाड भांडी, एवढ्यावर काम भागते. उकळून थोडे निवलेले, सुमारे ९५ अंशांचे पाणी चार भाग आणि २५ अंशांचे पाणी तीन भाग मिसळले, तर हिशेबाने ६५ अंशांचे पाणी मिळते. हा हिशेब विद्यार्थ्यांनाच करू द्यावा. प्रत्यक्षात तापमान एकदोन अंश कमी भरेल, कारण भांडेही उष्णता घेते. ते का कमी भरले, हा स्वतंत्र आणि चांगला प्रश्न आहे. भांडे आधी गरम पाण्याने विसळून घेतले तर ही घट बरीच टाळता येते. नंतर तापमान उतरू लागले की चमचाभर गरम पाणी घालत राहावे. एक तापमापी पाण्यात ठेवावी आणि शक्य असल्यास दुसरी एका जादा नळीतील बलकात बुडवावी, म्हणजे पाणी ७० अंशांचे असताना बलक काही मिनिटे मागेच रेंगाळतो, हे आकड्यांत दिसते.

काही पुस्तकांत एकच नळी एका भांड्यात ठेवून पाणी हळूहळू तापवण्याची आणि दर मिनिटाला नोंद घेण्याची रीत दिलेली असते. ती सोपी वाटते, परंतु तिच्यात तापमान आणि वेळ दोन्ही एकत्र वाढतात, त्यामुळे ‘बदल जास्त गरम झाल्याने झाला की जास्त वेळ ठेवल्याने?’ या विद्यार्थ्याच्या रास्त शंकेला उत्तर उरत नाही. साधने खरोखरच एका भांड्यापुरती असतील तरच मी ती रीत वापरेन.

निरीक्षणे साधारणपणे अशी येतात. ५० अंशांच्या नळीत काहीही बदल दिसत नाही. ६० अंशांना बलक अजून वाहता असतो, फार तर किंचित धूसर झालेला असतो. ६५ अंशांना तो दुधाळ होतो आणि नळी तिरकी केली तर सैल जेलीसारखा थरथरतो. ७० अंशांना तो पांढरा पण नाजूक असतो आणि ८० अंशांना घट्ट व पूर्ण अपारदर्शक होतो. ६० ते ६५ या पाच अंशांत जे घडते ते ५० ते ६० या दहा अंशांत घडत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी तक्त्यातून स्वतः काढली पाहिजे. उष्णता वाढेल तसा परिणाम त्याच प्रमाणात वाढेल, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात एका मर्यादेपर्यंत जवळजवळ काहीच होत नाही आणि ती मर्यादा ओलांडली की बदल झपाट्याने होतो.

यामागचे कारण त्या वयाला समजेल अशा भाषेत सांगता येते. पांढऱ्या बलकात जवळजवळ ९० टक्के पाणी आणि सुमारे १० टक्के प्रथिने असतात. प्रथिनाचा रेणू म्हणजे लांब साखळी असून ती लोकरीच्या गुंड्यासारखी ठरावीक घडीत गुंडाळलेली असते आणि कमकुवत बंधांमुळे त्या घडीत टिकून राहते. तापमान वाढले की रेणूंची हालचाल वाढते, हे कमकुवत बंध तुटतात आणि साखळ्या उलगडतात. उलगडलेल्या साखळ्या शेजारच्या साखळ्यांत गुंततात आणि त्यांचे जाळे तयार होते. पाणी त्या जाळ्यातच अडकून पडते. प्रथिनांचे हे पुंजके इतके मोठे होतात की ते प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, म्हणून बलक पांढरा दिसतो. बलकातील सर्व प्रथिने एकाच तापमानाला उलगडत नाहीत. ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन ६० अंशांच्या थोडे पुढे उलगडू लागते, तर निम्म्याहून थोडे अधिक प्रमाण असलेले ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांच्या आसपास उलगडते. ६५ अंशांचा सैल बलक आणि ८० अंशांचा घट्ट बलक यांतील फरक यातूनच येतो. ही नावे विद्यार्थ्यांनी पाठ करण्याची मुळीच आवश्यकता नाही, शिक्षकाला मात्र ती ठाऊक असावीत.

आता ज्या एका गैरसमजासाठी हा प्रयोग मला विशेष मोलाचा वाटतो, त्याकडे येतो. बलक घट्ट का झाला असे विचारले की बरेच विद्यार्थी, आणि अनेक प्रौढही, ‘त्यातले पाणी उडून गेले’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे ठरवून मोकळे होण्याऐवजी ते तपासावे. नळीवर बलकाच्या पातळीची खूण करावी, तोंडावर पातळ फॉइल सैलसर बसवावी आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर नळीचे वजन आधी व नंतर घ्यावे. नंतरच्या वजनापूर्वी नळी बाहेरून कोरडी पुसण्याची आठवण ठेवावी. वजन जवळजवळ तेवढेच भरते आणि पातळीही फारशी हलत नाही. म्हणजे पाणी तेथेच आहे, तरीही पदार्थ वाहत नाही. येथे वर्गात क्षणभर जी शांतता पसरते तिची घाई करू नये, कारण ‘मग पाणी गेले कुठे?’ हा प्रश्न याच वेळी विद्यार्थ्यांकडून येतो आणि जाळ्याची कल्पना सांगण्यास तीच योग्य वेळ असते. याच्या जोडीला पावाचा एक काप वजन करून भाजावा आणि पुन्हा वजन करावे. तेथे वजन स्पष्टपणे घटते, कारण पाणी खरोखरच वाफ होऊन जाते. उष्णतेने पाणी कधी जाते आणि कधी जात नाही, हे दोन्ही एकाच तासात समोर आले की घट्ट होणे आणि सुकणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

एखादा विद्यार्थी ७० किंवा ८० अंशांची नळी मध्येच उचलून पाहील आणि त्याला काचेलगत पांढरे कडे व मध्यभागी पारदर्शक गाभा दिसेल. हे अवश्य सर्वांना दाखवावे. उष्णता बाहेरून आत जाते, बलक उष्णतेचा चांगला वाहक नाही आणि एकदा तो घट्ट झाला की त्यात प्रवाहही फिरू शकत नाहीत. मोठा तुकडा लहान तुकड्यापेक्षा उशिरा का शिजतो, याचे उत्तर या कड्यात आहे.

वेळेचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा. एक नळी ५५ अंशांना अर्धा तास आणि दुसरी ८० अंशांना पाच मिनिटे ठेवली, तर पहिली वाहतीच राहते आणि दुसरी घट्ट होते. कमी तापमानाला कितीही वेळ दिला तरी काहीच होत नाही, असा निष्कर्ष मात्र यातून काढू देऊ नये, कारण मर्यादेच्या जवळपास वेळेला महत्त्व असते. दुधाचे पाश्चरीकरण, म्हणजे ठरावीक वेळ तापवून त्यातील रोगजंतू मारणे, हे याचे उत्तम उदाहरण आहे: ६३ अंशांना ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद, या दोन्ही रीती मान्य आहेत. तापमान केवळ नऊ अंशांनी वाढवले की अर्ध्या तासाचे काम पंधरा सेकंदांत होते.

पुढचा प्रश्न हमखास येतो तो परत फिरण्याचा. घट्ट झालेली नळी थंड पाण्यात ठेवावी. ती पुन्हा प्रवाही होत नाही. शेजारी लोण्याचा लहान तुकडा असलेली नळी ठेवावी: ते ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते आणि थंड केल्यावर पुन्हा घट्ट होते. एक बदल परिवर्तनीय आणि दुसरा अपरिवर्तनीय, एवढे येथे स्पष्ट होते. परंतु यापुढे जाऊन ‘परिवर्तनीय तो भौतिक आणि अपरिवर्तनीय तो रासायनिक’ असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. कॉर्नफ्लोअर पाण्यात मिसळून तापवले तर ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि मिश्रण दाट होते. थंड केल्यावर ते मूळ कण परत मिळत नाहीत, तरीही त्यातील स्टार्च हा स्टार्चच असतो. बलकाच्या बाबतीतही प्रथिनाच्या साखळीचा कणा तुटत नाही, बदलते ती घडी. सोबत साखळ्यासाखळ्यांत गंधकाचे काही नवे बंध जुळतात. हा बदल दोन कप्प्यांच्या सीमेवर उभा आहे आणि तसेच विद्यार्थ्यांना सांगण्यात कमीपणा नाही. याउलट भाजलेल्या पावाचा तपकिरी रंग आणि वास हे निःसंशय नव्या पदार्थांचे काम आहे. साखर व प्रथिनांचे घटक यांच्यातील ही अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी माइयार यांनी १९१२ मध्ये मांडली आणि ती सुमारे १४० अंशांच्या वर वेगाने होते. उकडलेले अन्न तपकिरी का होत नाही, याचे कारण पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, हे होय.

‘उकडलेले अंडे पुन्हा कच्चे करता येईल का?’ असे कोणी विचारले तर त्याला हसून सोडून देऊ नये. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ९० अंशांना २० मिनिटे उकडलेला पांढरा बलक युरियाच्या साहाय्याने विरघळवला आणि वेगाने फिरणाऱ्या नळीतील पातळ थरात त्यावर ताण देऊन त्यातील लायसोझाइम हे प्रथिन पुन्हा मूळ घडीत आणले. अंडे खाण्यायोग्य कच्चे झाले असे नव्हे, पण घडी परत घालता येते हे सिद्ध झाले. याच कामाला त्या वर्षीचे रसायनशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक, मिळाले.

उष्णता हेच एकमेव कारण नाही, हेही एका नळीत दाखवता येते. पाण्याने थोड्या पातळ केलेल्या थंड बलकात जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे स्पिरिट थेंब थेंब घातले की लगेच पांढरे धागे तयार होतात. घडी उलगडण्याचे काम अल्कोहोलही करते. स्पिरिट ज्वलनशील असल्याने ही नळी शिक्षकानेच करून दाखवावी आणि त्या वेळी वर्गात कोणतीही ज्योत नसावी.

अंड्याची अॅलर्जी असलेला विद्यार्थी वर्गात असेल किंवा अंडे वापरण्यास हरकत असेल, तर बटाट्याचा प्रयोग करावा. मला तो पर्याय म्हणूनच नव्हे तर दुसऱ्या तासाचा विषय म्हणूनही आवडतो. कच्च्या बटाट्याचा एक सेंटिमीटरचा घन तुकडा ५ मिलिलिटर, ३ टक्के तीव्रतेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकला की फेस येतो, कारण बटाट्यातील कॅटालेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटन करते. दहा मिनिटे उकळून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणलेल्या तुकड्यावर फेस येत नाही. थंड करणे आवश्यकच आहे, अन्यथा दोन तुकड्यांत तापमानाचाही फरक राहतो. विकर हेही प्रथिनच असते आणि त्याची घडी मोडली की त्याचे काम थांबते. बलकात जो बदल डोळ्यांना दिसतो तो येथे केवळ फेस न येण्यावरून ओळखावा लागतो, आणि हेच या प्रयोगाचे बलस्थान आहे. दुग्धशाळांत दूध नीट पाश्चरीकृत झाले का हे पाहण्यासाठी अल्कलाइन फॉस्फटेज या विकराची चाचणी करतात, तिचे तत्त्वही हेच आहे: विकर निष्क्रिय झालेले असेल तर पुरेशी उष्णता पोहोचली असे मानता येते.

सुरक्षेबाबत थोडक्यात. ८० अंशांचे पाणी त्वचा भाजते, म्हणून गरम पाणी ओतण्याचे काम शिक्षकाकडेच असावे आणि त्या तापमानाचा गट शिक्षकाच्या टेबलाजवळ बसवावा. तापमापी पाऱ्याची नसावी. नळी तापवताना तोंड घट्ट बंद करू नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून कोणीही काहीही चाखू नये आणि शेवटी साबणाने हात धुवावेत. पेरॉक्साइड हाताळताना डोळ्यांवर चष्मा असावा.

वेळेचे नियोजन असे करता येईल. पहिली दहा मिनिटे अंदाज लिहून घेण्यासाठी ठेवावीत: प्रत्येकाने पाचही नळ्यांत काय दिसेल हे वहीत लिहावे आणि ते नंतर खोडू नये. पुढील पंधरा मिनिटे नळ्या पाण्यात असताना तापमानाच्या नोंदी आणि मिसळण्याचा हिशेब चालू राहतो. उरलेल्या पंधरा मिनिटांत सर्व नळ्या क्रमाने एका रांगेत ठेवून तक्ता भरावा आणि चर्चा करावी. अर्ध्या तासाची ५५ अंशांची नळी तास सुरू होण्यापूर्वीच पाण्यात ठेवावी लागेल. मूल्यमापनासाठी ‘शिजणे म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘६२ अंशांना १५ मिनिटे ठेवलेली नळी कशी दिसेल आणि तसे तुला का वाटते?’ असा प्रश्न द्यावा, आणि पुढील तासाला ती नळी खरोखर करून पाहावी.

कच्चा बलक असलेल्या नळ्या थंड पाण्यानेच विसळाव्यात. गरम पाण्याने विसळल्या तर बलक काचेला चिकटून घट्ट बसतो. त्याचे कारण विद्यार्थ्यांनी आता स्वतःच सांगावे, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.